दोन बोटं डावीकडे

कोल्हापूरचा माणूस गुडघेदुखी वर्षभर अंगावर काढतो, पण गाडीचं स्टीअरिंग दोन बोटं वाकडं दिसायला लागलं की सकाळी सात वाजता, मी दात घासत असताना, माझ्या दारात येऊन उभा राहतो. गाडी पळते, ब्रेक लागतात, टायर शाबूत आहेत. फक्त रस्ता सरळ असताना स्टीअरिंगची मधली पट्टी एका अंगाला कललेली दिसते आणि तेवढ्यानं त्याची झोप उडालेली असते. त्या उडालेल्या झोपेवर मी तीस वर्षं संसार केला. या अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी विचारलं, इंजिनाबद्दल लिहू का? ते म्हणाले, नको, ते वाकड्या स्टीअरिंगचंच लिहा, लोकांना हसू येईल. लोकांना हसू येण्यासारखा धंदा आपण करत होतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं शास्त्र सांगतो. आपण हातानं फिरवतो ते चाक आणि रस्त्यावर फिरतात ती चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडे असतात. जीपसारख्या जुन्या गाडीत मुख्य दोन. पहिला दांडा पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो, म्हणजे दोघांची तोंडं एकाच दिशेला राहतात. दुसरा दांडा स्टीअरिंगला चाकाशी जोडतो. पहिला बिघडला तर टायर खाल्ले जातात. दुसरा बिघडला तर टायरला काही होत नाही, गाडीही नाकासमोर जाते, फक्त हातातलं चाक वाकडं बसतं. दांड्याच्या टोकाला आटे असतात, ते फिरवून दांडा लांब-आखूड करायचा आणि नट आवळायचा. माझी सगळी विद्या एवढ्यात संपली.

संगणकाचं मशीन यायच्या आधी हे काम आम्ही सुतळी, खडू आणि डोळे यांच्यावर करायचो. चाकांच्या बाहेरून सुतळी ताणायची, पट्टीनं अंतरं मापायची, टायरवर खडूनं खुणा करायच्या. मग गाडी शिरोली एमआयडीसीच्या बाजूला सरळ रस्त्यावर न्यायची आणि चालत्या गाडीत स्टीअरिंगवरचे हात सोडायचे. गिऱ्हाईक शेजारी बसून जोतिबाचं नाव घ्यायचं. गाडी शंभर पावलं सरळ गेली आणि स्टीअरिंग हाललं नाही, तर काम झालं.

पण बिघाड दरवेळी गाडीतच असतो असं नाही, हे मला कोडोलीच्या एका बागायतदारांनी शिकवलं. नवी कोरी गाडी घेऊन आले. मी सुतळी लावली, मापं घेतली, शिरोलीला दोनदा जाऊन आलो, काही सापडेना. मला स्टीअरिंग सरळ दिसायचं, त्यांना वाकडं. शेवटी मी त्यांना खाली उतरवलं, त्यांच्या जागेवर बसलो आणि ते बघतात तसं समोर बघितलं. पूजेच्या गडबडीत कुणीतरी काचेखाली गणपती चिकटवला होता, चालवणाऱ्याच्या अगदी समोर, पण मध्यावर नाही, दोन बोटं उजवीकडे. पाव्हणे स्टीअरिंगची पट्टी गणपतीच्या सोंडेशी जुळवून बघत होते. आता देवाला सरकवायचं म्हणजे जोखीम. मी हातपाय धुतले, उदबत्ती लावली, माफी मागितली आणि गणपती दोन बोटं डावीकडे घेतला. पाव्हणे गाडीत बसले, समोर बघितलं आणि म्हणाले, "ह्येला म्हंत्यात हात."

गारगोटीच्या एका हेडमास्तरांचं उलटं. त्यांच्या गाडीचं स्टीअरिंग नऊ वर्षं वाकडं होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. दुसऱ्याच कामाला गाडी आली होती, मला राहवलं नाही, मी न विचारता सरळ करून दिलं. तिसऱ्या दिवशी परत आले. मडगार्डला उसाची पानं अडकलेली.

"मिस्त्री, गाडी कुठं बघती आन् मी कुठं बघतो, कायच समजंना," ते म्हणाले. "दोनदा उसात घुसलोय. पोरं हसायला लागलीत. व्हतं तसं करा."

नऊ वर्षांत त्यांच्या हातांना वाकड्याची सवय लागली होती. स्टीअरिंग डावीकडे कललं की गाडी सरळ, असं त्यांच्या मनगटांत पक्कं बसलेलं. मी पुन्हा सुतळी लावली आणि मोजून दोन बोटं वाकडं केलं. मुद्दाम वाकडं करताना मला जेवढा घाम फुटला तेवढा सरळ करताना कधी फुटला नव्हता.

या दोन गिऱ्हाइकांनंतर मी एक नेम केला होता, आधी माणूस बघायचा, मग गाडी. मल्लाप्पा अण्णांच्या जीपच्या वेळी मी तो नेम मोडला, आणि त्यापायी माझ्या घरात दिवाळीच्या तोंडावर आग लागायची वेळ आली.

अण्णा शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. घरात कानडी, पेठेत मराठी, आणि दोन्ही सारख्याच मोठ्या आवाजात. त्यांच्या जीपवर ड्रायव्हर होते आमचे दाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे, शालनचे, यजमान. नोकरी मीच लावून दिली होती आणि त्याला अकरा वर्षं झाली होती. दाजींचं गाडी चालवणं म्हणजे सोवळ्यातलं काम. खड्डा लांबून दिसला की आधी हॉर्न वाजवायचे, खड्ड्यालासुद्धा. उसाच्या बैलगाड्या त्यांना मागं टाकून पुढं जायच्या आणि गाडीवान वळून नमस्कार करायचे. अकरा वर्षांत जीपला एक ओरखडा नव्हता, आणि हे दाजी कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी दाजी जीप घेऊन माझ्याकडे आले. सोबत अण्णा. दसऱ्याला अण्णांनी पुढच्या बंपरला लालभडक रंग मारून घेतला होता आणि ते त्याच्यावर कुणाला हात ठेवू देत नव्हते. स्टीअरिंग दोन बोटं डावीकडे कललेलं. टायर बघितले, एकसारखे. म्हणजे पहिला दांडा ठीक, दुसऱ्याचं दुखणं. गॅरेजातल्या, गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात उतरून बघतो तर दुसरा दांडा मधोमध किंचित वाकलेला. वाकला म्हणजे आखूड झाला, आखूड झाला म्हणजे स्टीअरिंग ओढलं गेलं. सोपं काम. दांडा काढला, सरळ केला, बसवला, माप जुळवलं, नट आवळला.

अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, "कशानं झालं हो ह्ये?"

मी चिंधीला हात पुसत म्हणालो, "दगडबिगड लागला असंल."

हे वाक्य मी विचार न करता बोललो. हात पुसताना माणूस काहीबाही बोलतोच. पण मी मिस्त्री होतो, आणि मिस्त्रीनं हात पुसताना सांगितलेलं गिऱ्हाईक डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं जपून ठेवतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. अण्णांनी मान वळवून दाजींकडे बघितलं.

"तुमी चढवली व्हय दगडावर?"

"न्हाय अण्णा," दाजी म्हणाले. "दगड काय, खडा बी लागलेला न्हाय."

"मग दगड चालत आलता?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या गाडीच्या कामाला लागलो.

आठ दिवसांनी जीप पुन्हा दारात. पुन्हा दोन बोटं, पुन्हा डावीकडे, तोच दांडा. या वेळी अण्णांबरोबर त्यांच्या पत्नी गौराक्का आल्या होत्या. अण्णा बाजारात कितीही ओरडोत, घरात शब्द चालायचा अक्कांचा. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मला विचारलं, "परत दगुड?" मी दांडा सरळ करण्यात गुंतलो होतो, मान हलवली. कशी हलवली ते मलाही आठवत नाही. त्यांनी ती हो अशी घेतली.

"माझी नातवंडं ह्याच गाडीतनं साळंला जात्यात," अक्का दाजींना म्हणाल्या. "परत आसं झालं तर पाडव्यानंतर दुसरा डायवर बघायचा. राग मानू नका."

त्या संध्याकाळी शालन माझ्या घरी आली. पाणी दिलं तर घेतलं नाही. उंबऱ्यातच उभी राहून बोलली.

"दादा, दगड लागला म्हनून तू बोललास न्हवं?"

"बोललो. खरं माझ्या मनात तसं..."

"तुझ्या मनात काय हुतं ते ऱ्हाऊ दे. ह्ये दोन दिस जेवल्यालं न्हाईत. किल्ली पुसत बसत्यात नुसते. म्हंत्यात, अकरा वरसं कुनी नाव ठेवलं न्हाय, आन् ठेवलं ते मेव्हण्यानं. आता ध्यान देऊन ऐक. ह्यांची नोकरी गेली तर मी भाऊबीजेला येनार न्हाय. ह्या साली न्हाय, पुढच्या साली बी न्हाय."

शालन बोलते तसं करते. लहानपणी एकदा माझ्याशी भांडून चार महिने अबोला धरला होता, एका छताखाली राहून. मला रात्रभर झोप लागली नाही. स्टीअरिंगपायी झोप उडणाऱ्या लोकांना मी इतकी वर्षं हसत होतो, त्याचं पुरेपूर माप पदरात पडलं.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी दाजी एकटेच जीप घेऊन आले. खाली उतरले, स्टीअरिंगकडे बोट केलं आणि पाठ करून बाकावर जाऊन बसले. दोन बोटं डावीकडे.

या खेपेला मी पाना उचललाच नाही. दिवा घेऊन खड्ड्यात उतरलो आणि दांड्याकडे नुसता बघत बसलो. आणि मग जे दिसलं ते बघून मी कपाळावर हात मारला. हात ग्रीसचा होता, तो डाग संध्याकाळपर्यंत कपाळावर होता. दगड लागतो तो पुढून लागतो, आणि पुढून लागला की दांडा मागे वाकतो. हा दांडा पुढे वाकला होता. दोनदा मी तो सरळ केला, दोनदा माप जुळवलं, पण तो कुठल्या बाजूला वाकलाय हे एकदाही बघितलं नव्हतं. त्याला काही धडकलं नव्हतं. त्याला कुणीतरी ओढलं होतं.

आता दिवा जवळ नेला. दांड्याच्या मधोमध चार बोटं जागा घासून चकाकत होती. त्या चकाकीत काथ्याचे दोन धागे अडकले होते. आणि लाल बंपरच्या आतल्या अंगाला, जिथं रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता, शेण उडालेलं. मी वास घेतला. म्हशीचं.

खड्ड्यातूनच विचारलं, "दाजी, रातच्याला जीप कुठं असती?"

"अण्णांच्या शेडात. किल्ली त्यांच्या सोप्यात, खुंटीला. मी आठला जातो." आवाजात अजून रुसवा होता.

"सकाळी इंजिन गरम असतंय काय?"

दाजींनी जरा आठवून सांगितलं, "असतंय. मला वाटायचं, शेडात ऊन येत असंल."

आश्विनात, सकाळी आठच्या उन्हानं इंजिन गरम होतं असं मानणारा हा माणूस जीप दगडावर घालेल, असं मी दहा दिवस लोकांना वाटू दिलं होतं. मला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली. दाजींना मी जीप तशीच परत न्यायला सांगितली.

कोल्हापुरात पहाटे जीप, काथ्याचा दोर आणि म्हैस ही तिन्ही एकत्र भेटण्याची जागा शोधायला फार डोकं लागत नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी स्कूटर काढली आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात, समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. पैलवान पितात, म्हातारे पितात, आणि डॉक्टरांनी बंद केलंय ते तर हमखास पितात.

कट्ट्यापासून जरा बाजूला, झाडाखाली, अण्णांची जीप उभी होती. स्टीअरिंगमागे स्वतः अण्णा, डोक्याला मफलर, हातात पेला, मिशांवर फेस. आणि जीपच्या समोर एक काळीभोर म्हैस, शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ. तिचा दोर लाल बंपरच्या खालून आत गेला होता, थेट माझ्या दांड्यापर्यंत.

अण्णांनी मला बघितलं आणि पेला मांड्यांमध्ये लपवला. मिशा लपवता आल्या नाहीत.

"मिस्त्री, तुमी हिकडं कुठं?"

मी काही बोलायच्या आत कोपऱ्यावरून एक मोटारसायकल आली. सायलेन्सर काढलेली, फाडफाड आवाज करत. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून मोटारसायकलच्या मागे पळवतात, त्याचा सराव दोन-तीन आठवडे आधीपासून चालतो. त्या आवाजासरशी म्हशीनं कान टवकारले, मान खाली घातली आणि मोटारसायकलच्या मागे निघाली. दोर ताणला. जीप कुरकुरली. माझ्या डोळ्यांदेखत स्टीअरिंग अण्णांच्या हातातून गर्रकन फिरलं, पेला कलंडला, आणि रामू गवळी म्हशीच्या शेपटीला धरून "लाडे, थांब गं बाई, पाडवा अजून लांब हाय," असं विनवायला लागला. मी स्कूटरवर बसल्या बसल्या इतका हसलो की स्कूटर पडली.

लाडी थांबल्यावर मी रामूला विचारलं, "हितं कशाला बांधतोस रं? बंपर काय मेलाय?"

"बंपरला अण्णा बांधू देत न्हाईत की," रामू म्हणाला. "रंग नवा हाय म्हंत्यात. खाली बांध म्हणाले, तवापासनं खालीच बांधतोय."

अण्णा खाली उतरले. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, ते स्वतःच वाकून दोराकडे बघत राहिले. गुळाच्या ढेपेला नुसतं बोट लावून पारखणारा माणूस, त्याला वेळ लागला नाही.

"म्हंजी दगड न्हवता," ते म्हणाले.

"न्हवता."

त्यांनी मफलर सोडला आणि त्यानं मिशा पुसल्या. "त्या माणसाला मी काय काय बोललो हो. अकरा वरसं..." मग हळू आवाजात म्हणाले, "येन माडूदु मिस्त्री? काय करायचं आता? डॉक्टरनं दूध बंद केलंय. अक्कानं घरात तुपाची बरणी सुदिक कुलपात ठेवलीया. तिला सांगितलंय, मी ह्या वेळंला सोप्यात जप करत बसतो."

मला राग आला होता आणि तो मी बोलून दाखवला. "अण्णा, तुमच्या पेलाभर दुधापायी माझ्या दाजींची नोकरी चाललीया. माझी भन माझं तोंड बघायची न्हाय म्हंती."

"सांगतो," अण्णा म्हणाले. "आत्ता घरला जातो आन् अक्काला सांगतो. सगळं सांगतो." आणि खरंच गाडीत बसायला निघाले. जाताना त्यांचा हात दरवाजाच्या मुठीवर दोनदा चुकला.

मी ते बघितलं आणि माझा राग जागच्या जागी गेला. ते दूध चोरून प्याले हे खरं. पण दाजींवर दगड त्यांनी टाकला नव्हता. तो मी टाकला होता, हात पुसताना, फुकट. अण्णांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला एवढीच त्यांची चूक. मी म्हणालो, "थांबा अण्णा. मी सांगतो, माझ्या पद्धतीनं. तुमी फकस्त गप ऱ्हावा." अण्णा उभ्या आयुष्यात गप्प बसले नव्हते, पण त्या दिवशी बसले.

आठ वाजता अण्णांच्या सोप्यात आम्ही चौघं होतो. अक्का झोपाळ्यावर, अण्णा खुर्चीत, दाजी दाराशी, आणि मध्ये मी, कामावर लागायला आलेल्या माणसासारखा.

"अक्का," मी म्हणालो, "दगडबिगड कायबी न्हवतं. चूक माझी. मागल्या साली दांडा बसवला तवाच नट ढिला ऱ्हायला, त्यानं स्टीअरिंग सरकत गेलं. दाजींचा कायबी संबंध न्हाय."

अक्कांनी झोपाळा थांबवला. "पयल्यांदा ढिला ऱ्हायला?"

"व्हय."

"आन् दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा बी."

"आन् कोल्हापुरात सगळे सांगत्यात, स्टीअरिंगला तुमच्यासारखा हात न्हाय म्हनून."

मी खाली बघितलं. माझ्या धंद्यात नट ढिला ठेवणं म्हणजे आचाऱ्यानं भातात मीठ विसरणं नव्हे, भातच विसरणं. उभ्या जन्मात माझ्या हातून एक नट ढिला राहिला नव्हता, आणि ते सांगण्याची सोय मी स्वतःच बंद केली होती. फार लागलं, खोटं कशाला बोलू.

पण दाजींकडे बघितलं आणि बरं वाटलं. दहा दिवस खाली गेलेले त्यांचे खांदे इंचाइंचानं वर येत होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि इतकंच म्हणाले, "मी म्हंत हुतो." मग अक्कांनी त्यांना आत बोलावून स्वतःच्या हातानं चहा दिला, आणि मला दिला नाही.

निघताना अण्णा उठले. खुंटीवरची किल्ली काढली आणि दाजींच्या हातात ठेवली. "आजपासनं किल्ली तुमच्यापाशी. रातच्याला गाडी तुमच्या दारात लावा. अकरा वरसांच्या मानसावर एवढा तरी इश्वास पायजे." दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी त्या क्षणी काय सोडलं हे त्या सोप्यात फक्त मला कळलं.

मी नवा दांडा बसवला. त्यानंतर ती जीप होती तोवर तिचं स्टीअरिंग तसूभर हाललं नाही, आणि अर्थात सगळ्यांनी म्हटलं, बघा, आता मिस्त्रीनं नट नीट आवळला. भाऊबीजेला शालन आली. मी पाटावर बसलो, तिनं ताट उचललं, तेवढ्यात दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "जरा थांबा. मेव्हणं बसल्यात त्या पाटाचा नट बघून घ्या." घर हसून लोळलं. तिथून जे सुरू झालं ते कधी थांबलं नाही. बारसं असो, लग्न असो, दाजी पंगतीत माझ्याशेजारी बसणार आणि वाढप्याला सांगणार, ह्यांच्या पानात लाडू घट्ट बघून वाढा. गोष्ट पेठेत पसरली. गिऱ्हाइकं गाडी घ्यायला आली की डोळे मिचकावून विचारायची, "मिस्त्री, नट?" दोन-तीन जुनी माणसं दुसरीकडे जायला लागली. ते मला अजून सलतं.

शालनला मी त्याच भाऊबीजेच्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात, सगळं सांगितलं होतं. ती पदर तोंडात धरून हसली, मग डोळे पुसले, आणि म्हणाली, "हसू दे त्यास्नी दादा. लई दिसांनी हसाय लागल्यात." मग मी हसू दिलं.

राहिले अण्णा. किल्ली गेल्यावर अण्णांपुढे दोनच वाटा होत्या, दूध सोडायचं किंवा चालत जायचं. ते चालत जायला लागले. शाहूपुरी ते गंगावेस, येऊन-जाऊन बरीच मजल होते. अक्कांना सांगितलं, जप आता चालता चालता करतो. सहा महिन्यांत पोट उतरलं, डॉक्टर खूश झाले, अक्का येईल-जाईल त्याला सांगायला लागल्या की बघा, दूध-तूप बंद केल्याचा गुण. अण्णा त्यानंतर दहा वर्षं ठणठणीत जगले. मी कधी पहाटे कट्ट्यावर गेलो की ते रामूला न बोलता दोन बोटं दाखवायचे, म्हणजे दोन पेले. आम्ही शेजारी उभे राहून प्यायचो.

आता अण्णा नाहीत. अक्का मुलीकडे हुबळीला असतात आणि त्यांना मराठी वाचता येत नाही. दाजी दिवाळी अंकात राशिभविष्य सोडून काही वाचत नाहीत. म्हणून एवढं लिहायचं धाडस केलं. गावात संगणकाची मशीनं आली, चाकांना आरसे लावतात, पडद्यावर आकडे नाचतात, सुतळी कुणी ताणत नाही. मीही धंदा बंद केला, फक्त खड्डा बुजवला नाही.

मागच्या महिन्यात दाजींच्या मुलानं गाडी घेतली. स्टीअरिंग जरासं कललेलं होतं. मुलगा मशीनवाल्याकडे निघाला होता, दाजींनी त्याला अडवलं आणि गाडी माझ्या दारात आणून लावली. म्हणाले, मशीनला काय कळतंय, मेव्हण्यांचा हात पायजे. मी कपाटातून सुतळी काढली, खडू काढला, दुपारभर खपलो. काम झाल्यावर दाजींनी पाना मागितला. मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही, सत्तरीला टेकलेले, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला, तरी मी आणि त्यांच्या मुलानं धरून त्यांना खड्ड्यात उतरवलं. खालून बराच वेळ धापा टाकल्याचा आणि पाना खडखडल्याचा आवाज येत होता. सगळा जोर लावून ते नट फिरवून बघत होते. नट काही हालला नाही. मग आवाज थांबला.

"घट्ट हाय," दाजी खालून म्हणाले.

चौदा वर्षं मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि त्यांना वर घ्यायला हात पुढे केला. दाजींनी हात धरला, अर्धे वर आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाक्य पुरं केलं.

"ह्या खेपंला."